पुढच्या सीटवरचे नाना

क्वार लागला की देवासच्या हवेत एक बारीक, टोचरी धूळ उतरते. पाऊस निघून गेलेला असतो, रस्त्याकडेचं कांसाचं गवत पांढरं होऊन डोलत असतं, आणि आसपासच्या सगळ्या गावांत सोयाबीन काढणं सुरू झालेलं असतं. थ्रेशरची घरघर लांबून ऐकू येते आणि तिच्यामागून तो भुसा येतो. खिडकीच्या जाळीतून, वाळत घातलेल्या चादरींतून घरात शिरतो. मान खाजते, डोळे चुरचुरतात. आश्विनाला आम्ही माळव्यातली मराठी माणसं पूजेच्या संकल्पात तेवढं आश्विन म्हणतो. एरवी आमचाही क्वारच.

याच दिवसांत फोनवर तो निरोप येतो. जुन्या गाड्यांच्या क्लबाचा. दोन दिवसांची सहल: धारहून मांडू, मांडूला मुक्काम, दुसऱ्या दिवशी खाली नर्मदेकाठी धरमपुरी, आणि परत. सोबत आदल्या वर्षीचा फोटो असतो. ओळीने उभ्या धुऊनपुसून चकाचक केलेल्या गाड्या, आणि त्यांच्यापेक्षाही चकाचक चेहऱ्यांचे त्यांचे मालक. मी त्या क्लबात नाही. जुनी तर सोडाच, माझ्याकडे नवीही गाडी नाही. शाळेत जाण्यापुरती एक स्कूटी आहे. पण एका वर्षी मी त्या सहलीला गेले होते, तेव्हापासून माझा नंबर त्यांच्या ग्रुपात राहून गेला. बाहेर पडावं असं दर वर्षी मनात येतं. पडत नाही. फोटो बोटांनी मोठा करते आणि त्यात आकाशी रंगाची हेराल्ड कुठे उभी आहे ते शोधते. सापडली की फोटो बंद करते आणि पुन्हा उघडते.

त्या सहलीत मला जे वाटलं त्याला हेवा म्हणावं तर तो शब्द फार सोज्ज्वळ वाटतो. हेवा शेजारणीच्या साडीचा करतात. हा मत्सर होता. सख्ख्या बहिणीचा, आणि तोही वडिलांवरून.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे जिजी म्हणतात. माझी जिजी, सुनंदा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचे वडील, नाना, धारला सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते बांधायचे, आणि त्या रस्त्यांवर स्वतःची हेराल्ड चालवायचे. जिजी अठरा वर्षांची झाली तशी त्यांनी तिला नालछ्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. त्या काळी धारमध्ये गाडी चालवणारी मुलगी म्हणजे लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. ते सगळं मी ऐकून आहे. मी तेव्हा मागच्या सीटवर झोपलेली असायचे म्हणे. मी अठरा वर्षांची होईपर्यंत नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता आणि गाडी पडवीत ताडपत्रीखाली गेली होती. मी हट्ट केला होता एकदा. नाना म्हणाले, "आता ती गाडी राहिली नाही आणि मीही."

म्हणजे जिजीला जे वडील मिळाले ते मला मिळालेच नाहीत. तिच्या वाट्याचे नाना खिडकीबाहेर कोपर काढून शीळ घालत. माझ्या वाट्याचे नाना डोळ्यांत थेंब घालून आढ्याकडे बघत पडून राहत.

लग्न होऊन जिजी धारमध्येच राहिली, मी देवासला आले. आई गेल्यावर काही वर्षांनी नानांचं विसरणं सुरू झालं. जिजीचं घर वरच्या मजल्यावर, आमचं तळमजल्यावर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. म्हणून नाना माझ्याकडे आले. आधी तारखा गेल्या, मग माणसं. मग एक दिवस सकाळी मी चहा दिला तेव्हा त्यांनी कप दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्हांला फार त्रास देतो मी."

त्या दिवसापासून मी बाई. अहो-जाहो. आंघोळ घालताना, नखं काढताना, घास भरवताना नाना माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागत. पोटच्या पोरीशी माणूस इतक्या सभ्यपणे वागत नाही. मला त्यांनी एकदा तरी खेकसावं असं वाटायचं. जिजी महिन्यातून एकदा यायची, फळं आणायची, त्यांच्याजवळ बसायची. तिला ते पाहुण्यांसारखा नमस्कार करायचे. ती डोळे पुसत निघायची आणि मी तिला फाटकापर्यंत पोचवायला जायचे तेव्हा मनात, खरं सांगते, थोडं हायसं वाटलेलं असायचं. तिलाही ओळखत नाहीत. या एका बाबतीत तरी आम्ही बरोबरीच्या होतो.

त्या वर्षीच्या क्वारात जिजीचा फोन आला. तिच्या मुलाने हेराल्ड पडवीतून काढून इंदूरला नेऊन दुरुस्त करून आणली होती.

"शैले, गाडी सुरू झाली! क्लबवाल्यांनी बोलावलंय. नानांना घेऊन ये, त्यांना घेऊन जाऊ मांडूला."

"त्यांना झेपेल का?"

"त्यांचीच गाडी आहे, न झेपायला काय झालं?"

तीच चालवणार होती. तिचं ते "त्यांचीच गाडी" मला टोचलं, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

धारला पोचलो तर दारात गाडी उभी. लहानपणी होती तशीच आकाशी. नाना काठी टेकत तिच्याजवळ गेले, बॉनेटवर पंजा ठेवला आणि तसेच उभे राहिले. जिजी त्यांच्या पाया पडली, त्यांनी नेहमीसारखा हात जोडून नमस्कार केला. हेराल्डला दोनच दारं. पुढची सीट दुमडायची, मागच्याने वाकून आत शिरायचं, मग पुढच्याने बसायचं. म्हणजे मागे बसलेला माणूस पुढचा उठेपर्यंत अडकलेलाच. मी आत शिरले. नाना पुढे बसले. जिजी स्टिअरिंगवर बसली, चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिनाने दोनदा खोकून आवाज धरला, तशी सगळी गाडी थरथरली.

आणि नाना ओरडले.

"सुने! चोक आत ढकल! किती वेळ ओढून ठेवणार आहेस? गाढवे!"

जिजीचा हात हवेतच राहिला. तिने नानांकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते, कपाळाला आठी घालून, जसे काही रोजच बघतात. जिजीने चोक ढकलला. "हो नाना," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मी मागे बसून होते. माझ्या मांडीवर नानांची औषधं, टॉवेल, बदलायचे कपडे, थर्मास. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्यावर जे चढून बसलं ते दुसरंच होतं. रोज सकाळी मी त्यांचे दात घासते, आणि गाढव ती झाली. त्या एका शिवीसाठी मी काय दिलं नसतं!

धार ते नालछा हा रस्ता त्या दिवसांत फार सुंदर असतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या सोयाबीनचे ढीग, मधूनच डांबरावरच वाळत घातलेलं पीक, त्याच्या कडेने गाड्या अलगद चाक वळवून जातात. आमच्या पुढे-मागे क्लबाच्या गाड्या होत्या. गावागावांत लोक हात हलवत होते, मोबाइल काढत होते. वारा आत येत होता, त्यात शेणाचा, ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास मिसळलेला होता. पुढे दोघांचं चाललेलं होतं.

"दुसरा टाक. चढ आहे."

"टाकला."

"क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. मागच्या खेपेला त्या बैलगाडीवाल्याने किती शिव्या दिल्या, आठवतं ना?"

"आठवतं की!" जिजी हसली, आणि दोघंही हसले. कुठली बैलगाडी, कसल्या शिव्या, मला माहीत नव्हतं. मी तेव्हा असेनच, याच सीटवर, झोपलेली. मला दिसत होत्या दोन माना. एक पांढऱ्या केसांची, एक रंगवलेल्या. त्या सारख्या एकमेकींकडे वळत होत्या. मागे कुणीच वळून पाहिलं नाही.

नालछ्याला चहाला सगळे थांबले. जिजी उतरून लोकांत मिसळली. नाना गाडीतच बसले, म्हणून मीही. क्लबाचे प्रमुख बंटी भिया, गळ्यात जाड साखळी, पोट पुढे, माणूस दिलदार. खिडकीतून चहा देत त्यांनी विचारलं, "नानाजी, गाड़ी किसकी है?"

"मेरी है," नाना ताठ बसत म्हणाले. "चला मेरी लड़की रही है. अभी-अभी सीखी है, भिया, ज़रा दूर रहना."

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. भियांनी मान वाकवून आत पाहिलं. "और ये दीदी?"

नाना प्रयत्नाने मागे वळले. माझ्याकडे त्यांनी फार प्रेमळपणे पाहिलं. "ये बाई हैं. हमारे साथ रहती हैं. बहुत भली हैं."

भियांनी मला हात जोडले. चहा संपल्यावर नानांचा रिकामा कप त्यांनी माझ्याकडेच दिला, आणि स्वतःचाही. कामाला ठेवलेली बाईच समजले असतील. मी एकात एक कप घालून धरून बसले. पुढची सीट दुमडल्याशिवाय मला उतरताही येत नव्हतं.

मांडूला पोचेपर्यंत नाना दमले आणि लॉजवर जेवून लगेच झोपले. उन्हं कलली होती. जिजी आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. समोर मांडूची ती जाड बुंध्याची खुरासानी चिंच, पलीकडे तळं. आचारी निखाऱ्यांवर पानांत थापलेले पानिये भाजत होता, मक्याच्या पिठाचा आणि करपलेल्या पानांचा वास येत होता. क्लबातल्या बायका येऊन जिजीला सांगून जात होत्या, दीदी, आपने तो कमाल कर दिया. जिजीच्या चेहऱ्यावर अठराव्या वर्षीचं तेज होतं. मग ती म्हणाली,

"शैले, नानांना आता मी ठेवून घेते."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे. धारला. तू बघितलंस ना कसे खुलले? रोज सकाळी गाडीतून एक चक्कर मारून आणीन. बोलतील, सगळं आठवेल त्यांना."

"तुझ्याकडे जिना आहे."

"खालची खोली रिकामी करून घेते."

"त्यांची आंघोळ, त्यांचं सगळं करणं..."

"करीन की. मी काय परकी आहे?"

प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं. आणि खरं पाहिलं तर मी तिचे पाय धरायला हवे होते. माझी पाठ गेली होती, झोप गेली होती, शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी उभ्याने पेंगायचे. सुटका समोर चालून आली होती. पण मी म्हटलं, "इतक्या वर्षांत का नाही सुचलं हे?"

"इतकी वर्षं ते मला ओळखत नव्हते गं."

"मला कुठे ओळखतात?"

जिजी माझ्याकडे वळून म्हणाली, "चिडलीस."

"नाही."

"चिडलीस. तुझं नाक लाल झालंय. लहानपणी अस्संच व्हायचं."

"सगळं तुलाच आठवतं," मी म्हटलं, आणि उठून आत गेले. नाना तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांचा चष्मा काढून मी उशाशी ठेवला. त्यांना द्यायचं असेल तर आजच हातातून सोडायला शिकावं, असं मनाशी म्हणत तिथेच बसून राहिले.

सकाळी दऱ्या ढगांनी भरलेल्या होत्या. आम्ही घाट उतरू लागलो तसे ढग वर गेले आणि ऊन तापलं. वर माळव्याची हवा, खाली निमाडची. अंगावरची शाल नानांनी स्वतःच काढून मागे माझ्याकडे दिली. "धरा बाई." आणि पुढे वळून, "सुने, उतारावर ब्रेक जाळू नकोस, गिअरवर घे." जिजी आरशात माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत विजय नव्हता, हे आज म्हणू शकते. तेव्हा मला तोच दिसला.

धरमपुरीला नर्मदेच्या घाटावर सगळ्यांचं जेवण होतं. गाड्या वर झाडांखाली लावल्या. नाना उतरले, सीट दुमडली, मी बाहेर आले. जिजी गाडी लावून, किल्ली कमरेला खोचून हसत आली आणि तिने त्यांचा हात धरला. "चला नाना, नर्मदामाईचं दर्शन घेऊ."

दोघं पायऱ्या उतरायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर नाना थांबले. तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. आपला हात त्यांनी हळूच सोडवून घेतला.

"क्षमा करा," ते म्हणाले. "आपण?"

"नाना, मी सुनी."

नाना हसले. कुणी थट्टा केल्यावर मोठी माणसं हसतात तसे. "नाही हो. सुनी गाडी लावायला गेलीय. येईल आत्ता. माझी सुनी अठरा वर्षांची आहे."

"नाना, अहो, मीच ती. मीच चालवत होते ना गाडी? आत्ता घाटातून..."

"तुम्ही?" त्यांचा आवाज घाबरला. त्यांनी मागे वळून वर पाहिलं. "सुनी कुठाय? एकटी पोर आहे. कुणी बघा हो तिला! सुने!" त्यांची हाक नदीवर गेली. नावाडी वळून बघायला लागले. जिजीने पुन्हा हात पुढे केला तर त्यांनी तो झटकला आणि तोल जाऊ लागला तशी मी धावले. मला पाहिल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचं धोतर ओलं झालं होतं.

"बाई, बरं झालं आलात," ते पुटपुटले. "या कोण आहेत कळत नाही. चांगल्या घरच्या दिसतात, पण ऐकत नाहीत."

मी त्यांना झाडाआड नेलं, पुसलं, कपडे बदलले, पाणी पाजलं, सुनी येतेय म्हणून सांगितलं. एका सतरंजीवर आडवं केलं. ते डोळे मिटून पडले तेव्हा मी पायऱ्यांकडे आले. जिजी तिथेच बसलेली होती. किल्ली हातात.

माझं जिंकणं झालं होतं, असं म्हणायला हरकत नव्हती. त्यांनी माझा दंड धरला होता. पण मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर तिथे जे होतं ते मी ओळखलं. आदल्या दिवसापासून मी तेच घेऊन मागच्या सीटवर बसले होते.

"शैले," ती म्हणाली, "ते मला नव्हतेच बोलत. त्या पोरीला बोलत होते."

"हं."

"किती भाग्याची गं ती."

समोर एक होडी पलीकडच्या काठाला निघाली होती. आम्ही दोघी बहिणी, एक पन्नाशीतली, एक साठी उलटलेली, नर्मदेच्या पायरीवर बसून एकाच मुलीवर जळत होतो. त्या मुलीचे केस काळे होते, तिच्या शेजारी नाना बसलेले होते, आणि तिला दोघींचाही पत्ता नव्हता.

परतीला धामनोदहून मोठा रस्ता धरला. नाना पुढे बसले, इंजिन सुरू झालं, आणि पुन्हा "सुने, हॉर्न दे!" जिजी म्हणाली, "हो नाना." सगळा रस्ता ती हो नाना म्हणत राहिली, ट्रकांच्या मधून, बारीक आवाजात, अठरा वर्षांच्या पोरीसारखी. आता तिला माहीत होतं ती हाक कुणाला आहे, तरी ती ओ देत होती. धारकडे न वळता तिने गाडी सरळ देवासला आणली. नानांना उतरवताना तिने मला एवढंच म्हटलं, "इथेच बरे आहेत ते."

त्यानंतरचा पावसाळा नानांनी पाहिला नाही. फाल्गुनात, दुपारी, माझ्या हातची पेज पिऊन ते झोपले आणि उठले नाहीत.

यंदाचा निरोप परवा आला आणि काल जिजीचा फोन. ती जाणार आहे, एकटीच. चल म्हणाली. मी बघते म्हटलं. मग ती एकदम म्हणाली, "शैले, शेवटच्या वर्षांत नाना काय काय बोलायचे गं? तू कधी सांगितलंच नाहीस. मला काहीच मिळालं नाही त्यातलं."

मी सांगितलं. ते चिमण्यांना पोहे टाकायचे ते सांगितलं. संध्याकाळी टेकडीवरच्या देवीचे दिवे लागले की उठून उभे राहायचे ते सांगितलं. आमच्या ह्यांना साहेब समजून रस्त्याच्या खडीचा हिशेब द्यायचे, ते ऐकून ती रडता रडता हसली. "अजून सांग," म्हणाली. अजून सांगितलं. "अजून?" म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, एवढंच.

एवढंच नव्हतं. एका दुपारी मी त्यांच्या तळपायांना तेल लावत होते. नाना बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, तुमचे वडील आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं.

"तुम्हीच करता का त्यांचं?"

"हो."

त्यांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग सुखात असतील ते," म्हणाले.

हे मी जिजीला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.